मुलांचे बाळसे आणि आपली साखर



एरवी या पानावर आम्ही बेणे, सरीतले अंतर, खोडव्याचे खत असे विषय घेतो. या अंकातला विषय जरा वेगळा आहे. घरातल्या मुलांचे वजन वाढते, आणि त्या वजनामागून रक्तदाब व रक्तातली साखर कशी चोरपावलांनी येते, याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे. शेतीची पदविका घेऊन उसाच्या फडातून फिरणारी माणसे. पण जे आमच्याच घरात घडले ते तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमची धाकटी बहीण मालवणला दिली आहे. तारकर्लीच्या रस्त्याला त्यांचे छोटेसे दुकान. पर्यटक वाढले तसा दुकानात थंड पेयांचा फ्रीज आला. दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला घाट उतरून तिच्याकडे गेलो, तेव्हा भाचा तेरा वर्षांचा होता. गाल वर आलेले, पोट सुटलेले. आम्ही काही बोलायच्या आत त्याची आजी कौतुकाने म्हणाली, "ह्या वयात नाय खाल्ल्यान तर कधी खातलो?" आम्हीही हसून मान डोलावली.

त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा होता. बहीण म्हणाली, "दादा, कितीही घासा, मानेचा हा मळ जातच नाही." डाळीचे पीठ झाले, लिंबू झाले, शेवटी वजरीने घासून कातडी सोलवटली. पोरगे रडले, वर आंघोळ नीट करत नाही म्हणून मारही खाल्ला.

पुढे शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यांनी वजन-उंची घेतली, मान पाहिली आणि चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवले. तिथे वेगवेगळ्या तीन दिवशी रक्तदाब घेतला. १३४/८४ च्या आसपास. उपाशीपोटी साखर ११२. डॉक्टर म्हणाले, "तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन फार वाढले की मानेची, काखेची कातडी अशी काळी पडते." ज्या खुणेबद्दल पोराने मार खाल्ला, ती खूण त्याचे शरीर आपल्याला दाखवत होते!

हिरवागार ऊस आणि उतारा

बंधूंनो, हे आपल्याला शेतातल्या भाषेत चटकन कळेल. युरिया आणि पाणी बेसुमार दिले की ऊस हिरवागार, दांडगा दिसतो. रस्त्याने जाणारा म्हणतो, काय फड आहे! पण वाऱ्याचा झोत आला की तोच लोळतो, आणि गाळपाला आला की उतारा पडतो. मुलाचे बाळसे वरून बघून भुलणे तसेच आहे.

आत काय घडते? पोटात आणि यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. काही वर्षे त्याच्यावर निभावते, पुढे ते थकते आणि साखर चढू लागते. वाढलेल्या इन्सुलिनने मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, त्याने रक्तदाब चढतो. मुलाला मात्र काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

शेतकऱ्यांच्या घरातली गोष्ट

'हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे', असे कोणी म्हणेल. तर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. घरे आपल्यासारखीच, शेतकऱ्यांची. तिथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हाडामांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला लुकडे, आतून चरबीचे. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर हवी त्यापेक्षा जास्त निघाली. यातली बहुतेक मुले लठ्ठही नव्हती!

याचा अर्थ असा, की आपल्या पिढ्यांनी अर्धपोटी दिवस काढले, त्यामुळे आपल्या मुलांचे शरीर जास्तीचा माल साठवायला मुळातच तयार असते. त्यावर आता बाटली, बिस्किटे आणि पुड्यांचा मारा झाला तर ते झेपत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत शाळकरी व किशोरवयीन मुलांत दहातल्या एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. किशोरवयीन मुलांपैकी पाच टक्क्यांना रक्तदाब होता.

मग साखर कारखान्याने हे लिहावे का?

हा लेख लिहू म्हटल्यावर आमच्या कचेरीतच एकाने विचारले, "साहेब, आपल्याच पायावर धोंडा कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपले बिल साखरेवर निघते. पण 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' ही म्हण आपल्याच बापजाद्यांची. सणाची पुरणपोळी, जत्रेतले मालवणी खाजे यांनी कोणाचे वाटोळे झाले नाही. घात होतो तो रोजच्या, न मोजलेल्या साखरेने. शिवाय ऊस आता नुसता साखरेसाठी गाळला जात नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. मुलांच्या पोटात जास्त साखर घालूनच आपला कारखाना चालला पाहिजे, असे मुळीच नाही.

आता जरा हिशेब करू. पाच माणसांच्या घरात महिन्याला १० किलो साखर संपत असेल, तर माणशी रोज ६६ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसालाही ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत राहायला हवे. मुलाला त्याहून कमी. आणि थंड पेयाच्या २५० मिलीच्या एका बाटलीतच २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. आमचा भाचा दुकानातल्या फ्रीजमधून दिवसाला दोन बाटल्या काढत होता. घरचा माल, विचारतो कोण!

गूळ, काकवी किंवा मध औषधी म्हणून कितीही चालतो, ही समजूतही सोडावी. रक्तात गेल्यावर ती साखरच. ताज्या रसाचेही तेच. ब्रिक्स १८ म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. घट्ट रसाच्या एका ग्लासात बाटलीपेक्षाही जास्त साखर असू शकते. कोकम सरबतातही साखर पडतेच. बिनसाखरेची सोलकढी, पातळ ताक आणि साधे पाणी ही आपली खरी पेये.

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना 'साखर फलक' लावायला सांगितले. कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे मुलांना दिसावे, हा हेतू. आपल्या गावच्या शाळा त्या मंडळाच्या नसतीलही, पण असा फलक लावायला खर्च तो काय?

घरी काय करावे

१) सुतळी घ्या. मुलाची उंची मोजा आणि सुतळी निम्मी दुमडा. सहा वर्षांवरच्या मुलाच्या कमरेभोवती निम्मी सुतळी पुरली नाही, तर डॉक्टरांकडे न्या.

२) मान, काख काळी जाडसर दिसली तर घासू नका, तपासा.

३) रक्तदाब मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने घ्यावा. तेरा वर्षांपुढे १३०/८० किंवा वर सतत असेल तर तो जास्तच. त्याहून लहान मुलांची मर्यादा वय आणि उंचीवर ठरते, ती डॉक्टर सांगतील. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा उंबरठा, १२६ पासून पुढे मधुमेहाची शंका. एकाच मोजणीवर शिक्का मारू नये.

४) मुलाला उपाशी ठेवू नका. ते वाढीचे वय आहे. बहुतेकांचे वजन उतरवावे लागत नाही, नुसते रोखले तरी उंची वाढून मेळ बसतो. पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मासे, पालेभाजी, फळे हे सर्व आपल्याच घरातले आहे.

५) मीठ आवरा. पुड्यांतले खारे पदार्थ बंद. सुका बांगडा, लोणचे, पापड रोज नको. सुके मासे भिजवून धुऊन घ्यावेत.

६) रोज निदान तासभर घाम येईल असा खेळ. शाळा जवळ असेल तर पायी जाऊ दे. रात्री मोबाईल मोठ्यांच्या उशाशी.

७) एक धोक्याची सूचना. मूल एकाएकी वाळू लागले, सारखे पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, तर तो वेगळा, तातडीचा मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. झाडपाल्यात एक दिवसही घालवू नका.

तपासणीला पैसे लागतील म्हणून थांबू नये. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली पथके सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवा, एवढेच.

आता भाच्याचे सांगतो. बाटल्या बंद झाल्या, फ्रीजची किल्ली आजीकडे गेली. संध्याकाळी बापलेक किनाऱ्यावर चालतात, सुट्टीत पोहतात. वर्षभरात वजन तेवढेच राहिले, उंची वाढली. साखर ९७ वर आली. रक्तदाब उतरला, पण अजून दर तीन महिन्यांनी दाखवावा लागतो. मानेचा पट्टा फिकट झाला, गेलेला नाही. परवा आजी फोनवर आम्हाला म्हणाली, "त्या मानेपायी मी झिलाक उगाच मारलंय."

यंदा दिवाळीला सवलतीची साखर न्यायला गटकचेरीत याल, तेव्हा पोती जरूर न्या, ती आपल्या घामाची आहे. जाताना टेबलावर ठेवलेल्या रिळातून उंचीएवढी सुतळीही कापून न्या. आधी मुलाची कंबर मोजा, मग जमल्यास आपलीही.