ठिसूळ सिलिकॉन, नाजूक त्वचा

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वजन कधी कधी किलोभरही नसते. त्याच्या छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड, पायाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब, पोटावर तापमानाचा सेन्सर आणि प्रत्येकाची वायर असते. या देखरेखीमुळे बाळ वाचते. पण चिकटपट्टी काढताना त्याची त्वचा सोलवटू शकते. वायरींच्या जाळ्यामुळे त्याला छातीशी धरायला आई बिचकते.

मग सेन्सरच त्वचेसारखा मऊ का करू नये? अडचण चिपमधल्या सिलिकॉनची आहे. हा अर्धवाहक ठिसूळ असतो. साधारण एक टक्का ताणला की तडकतो.

पण ठिसूळपणाचा जाडीशी जवळचा संबंध आहे. खिडकीची काच वाकवली तर फुटते; काचेचे केसाहून बारीक तंतू मात्र एंडोस्कोपमधून आतड्याच्या वळणांत सहज वळतात. वस्तू वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. जाडी निम्मी केली, तर तेवढ्याच वळणाला ताण निम्मा होतो आणि वाकवायला जोर एक अष्टमांश लागतो. चिप बनवण्याची सिलिकॉनची चकती सुमारे पाऊण मिलिमीटर जाड असते. तेच सिलिकॉन 100 नॅनोमीटर पातळ केले, तर 2 मिलिमीटर व्यासाच्या तारेभोवती वळवूनही ताण जेमतेम 0.005 टक्के येतो.

त्वचा मात्र वाकते तशी ताणलीही जाते. त्यावर 2006 मध्ये इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. ताणून धरलेल्या रबरावर सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या चिकटवून त्यांनी रबर सैल सोडले. पट्ट्यांना पडद्यासारख्या चुण्या पडल्या. रबर ताणले की चुण्या उलगडतात. सिलिकॉन तुटत नाही.

हाच विचार पुढे नेत रॉजर्स यांच्या गटाने 2019 मध्ये शिकागोत नवजात बाळांसाठी दोन मऊ, बिनतारी पट्ट्या वापरून पाहिल्या; एक छातीवर, दुसरी पायावर. त्यांत छोट्या चिपा नागमोडी तारांनी जोडून मऊ रबरात बसवल्या होत्या. बाळ आईच्या छातीवर असतानाही नोंदी मिळत राहिल्या.

असे तंत्र सर्वत्र पोहोचेपर्यंत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळाची प्रकृती स्थिर असेल, तर वायरी असतानाही 'कांगारू केअर' देता येते. डॉक्टरांना किंवा सिस्टरना तसे जरूर विचारा.