विभागप्रमुखांचे प्रशिक्षण : का आणि कसे?



वार्षिक अहवालात नव्या खाटा, नवी यंत्रे आणि शस्त्रक्रियांचे आकडे पाहण्याची आपणा सर्वांस सवय आहे. त्यांचा तपशील अन्यत्र दिलाच आहे. या लेखात मात्र, ज्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही अशा एका खर्चाची माहिती आम्ही देऊ इच्छितो. हा खर्च आहे आमच्या विभागप्रमुखांच्या प्रशिक्षणाचा.

विभागप्रमुख म्हणजे कोण? वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञ, ओपीडीच्या खिडक्यांवर देखरेख करणारे पर्यवेक्षक आणि सफाई कामगारांचे मुकादम. विश्वस्त मंडळाचा निर्णय कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचतो तो यांच्याच तोंडून, आणि कर्मचाऱ्याची अडचण वर पोहोचते, किंवा पोहोचत नाही, तीही यांच्यामुळेच. रुग्णालयाची घडी या मधल्या फळीवर बसलेली असते.

या जागी माणूस कसा येतो, हे पाहिले म्हणजे प्रशिक्षणाची गरज आपोआप ध्यानात येते. रुग्णाच्या उशाशी उत्तम काम करणाऱ्या परिचारिकेस काही वर्षांनी इन्चार्ज नेमले जाते. शीर लावणे, जखम बांधणे, औषधाचे प्रमाण तपासणे हे तिला कुणी ना कुणी शिकवलेले असते. परंतु बारा जणींच्या ड्यूटीचा तक्ता न्यायाने कसा लावावा, चूक झालेल्या मुलीशी काय बोलावे, रोज हसतमुख असणारी सहकारी अचानक अबोल झाली तर काय करावे, हे तिला कुणीही शिकवलेले नसते. तिला जसे वागवले गेले तसेच ती पुढे वागवते.

याची किंमत आम्हास एका प्रसंगातून कळली. एका रात्रपाळीत एका तरुण परिचारिकेच्या हाती चुकीची कुपी आली. दोन औषधांच्या कुप्या दिसायला सारख्या आणि एकाच खणात शेजारी ठेवलेल्या. इंजेक्शन देण्यापूर्वी तिने लेबल पुन्हा वाचले म्हणून अनर्थ टळला. तिने ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. काही आठवड्यांनी ती राजीनामा देण्यास आली तेव्हा बोलता बोलता ती बाहेर पडली. आधी का सांगितले नाही, असे विचारता ती म्हणाली की, लहानशा चुकीवरून एका मैत्रिणीस नातेवाइकांच्या देखत बोलणी खावी लागली होती. ते सर्व आठवडे त्या कुप्या त्याच खणात शेजारी होत्या. तिने त्याच सकाळी सांगितले असते, तर पाच मिनिटांत खण बदलता आला असता.

हा दोष त्या मुलीचा नव्हता, आणि केवळ त्या इन्चार्ज सिस्टरचाही नव्हता. तो आम्हा व्यवस्थापनाचा होता.

अशाच स्वरूपाचा अनुभव संशोधनातही नोंदला गेला आहे. एमी एडमंडसन या अमेरिकी अभ्यासिकेने दोन रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुका कमी आढळतील, अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे नोंदलेल्या चुका अधिक निघाल्या. त्या विभागांतील माणसे चूक उघडपणे सांगत होती आणि इतरत्र ती झाकली जात होती, असा उलगडा तिने मांडला. जी चूक सांगितली जाते, तीच दुरुस्त होते.

कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न याच्याशी जोडलेलाच आहे. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी झीज, म्हणजे सततचा थकवा, कामाविषयी कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नमूद केली. हा आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. २०२२ मध्ये याच संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व त्यांत वरिष्ठांना प्रशिक्षण देण्याची शिफारस केली.

हे प्रशिक्षण विभागप्रमुखास मानसोपचारतज्ज्ञ बनवण्यासाठी नाही. त्यात शिकवले जाते ते असे : समोरच्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे. चूक एकांतात दाखवणे आणि कौतुक चारचौघांत करणे. ‘कोणी केले?’ याआधी ‘कसे घडले?’ असे विचारणे. पाळी बदलताना घाईने सही न घेता दोन मिनिटे नीट निरोप देणे. झोप, चिडचिड, वारंवार रजा यांतील बदल वेळीच ओळखणे, आणि आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तेथे गुप्तता राखून तज्ज्ञाकडे जाण्यास सुचवणे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक परिचारिका कक्षात लावण्यास आम्ही सांगितले आहे. तो आपणासही उपयोगी पडू शकेल.

नवी मुंबईत या विषयाला आणखी एक बाजू आहे. आमच्या कर्मचाऱ्यांपैकी कित्येक जण पनवेल, उरण, ठाणे किंवा खाडीपलीकडील मानखुर्द, गोवंडीहून येतात. पावसाळ्यात हार्बरची गाडी थांबली की सकाळची सिस्टर पोहोचत नाही आणि रात्रीच्या सिस्टरची ड्यूटी संपत नाही. २६ जुलै २००५ चा दिवस जुन्या कर्मचाऱ्यांना आठवतो. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद असताना, १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी ती पुन्हा धावेपर्यंत, काय ओढाताण झाली हेही आम्ही विसरलेलो नाही. म्हणून ड्यूटीचा तक्ता हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विषय आहे. तो आधी जाहीर व्हावा, रात्रपाळ्या वाटून याव्यात, लांबून येणाऱ्याचा प्रवास ध्यानी घ्यावा आणि अडकलेल्या सिस्टरला कोण सोडवणार हे आधीच ठरलेले असावे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. रिकामी पदे गोड बोलण्याने भरून निघत नाहीत. एकाच परिचारिकेवर दोघींचे काम पडत असेल, तर इन्चार्ज सिस्टरने कितीही आपुलकीने विचारपूस केली तरी ताण हटणार नाही. माणसे नेमणे ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. ती प्रशिक्षणाच्या आड लपवता येणार नाही.

विश्वस्तांना आणखी एक विनंती. पुढील काळात थोडक्यात टळलेल्या चुकांच्या नोंदी वाढलेल्या दिसल्या, तर त्यावरून लगेच रुग्णसेवा घसरली असे मानू नये. पूर्वी जे दडून राहत होते ते आता टेबलावर येत असेल. त्या नोंदींवरून पुढे कोणता खण, कोणती पद्धत बदलली, हे मात्र आम्हास अवश्य विचारावे.

रुग्णांच्या नातेवाइकांनाही आमची विनवणी आहे. काळजीपोटी आवाज चढतो, हे आम्ही जाणतो. तरी तक्रार असेल तर ती इन्चार्ज सिस्टरकडे सांगावी. ती ऐकून घेण्याचे शिक्षण त्यांना दिले जात आहे. घाबरलेला हात चुकण्याचा संभव अधिक असतो, आणि तो हात आपल्याच माणसाच्या सेवेत असतो.

त्या तरुण परिचारिकेने राजीनामा मागे घेतला नाही. ती गेली. कुप्यांचा तो खण मात्र त्याच दिवशी बदलला, आणि हे काम हाती घेण्याचे आम्ही ठरवले ते त्यानंतरच. पुढच्या मुलीने त्याच सकाळी येऊन सांगावे, एवढ्यासाठी हा खर्च आहे. देणगीदार व हितचिंतकांनी या न दिसणाऱ्या कामासही आपला हातभार लावावा, ही नम्र विनंती.