शंभर लिटरचा सोलर खरंच पंधराशे युनिट वाचवतो का? एका आकड्यातून संशोधनाचा प्रश्न कसा शोधायचा

'पेट'ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न ठरलेला असतो: विषय आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा? "सौर ऊर्जेवर काम करायचंय" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आज आपण एक अगदी घरगुती वस्तू घेऊ, गच्चीवरचा सोलर बंब. जिल्हा घेऊ अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. आणि या उपकरणाबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जाणारा एकच आकडा तपासू.

तो आकडा असा: दिवसाला १०० लिटर पाणी तापवणारा सोलर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वीज वाचवतो. सरकारी माहितीपत्रकांपासून दुकानातल्या पत्रकापर्यंत तो सगळीकडे दिसतो. आपल्याकडे ऊन भरपूर, जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, त्यामुळे आकडा लगेच पटतो. पण पटणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

आकडा आला कुठून?

अकरावीतलं सूत्र आठवा. लागणारी उष्णता = पाण्याचं वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातली वाढ. १०० लिटर म्हणजे १०० किलो पाणी, २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायचं:

१०० × ४.१८६ × ३५ = सुमारे १४,६५० किलोज्यूल.

एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. भागाकार केला की ४.०७ युनिट मिळतात. त्याला ३६५ ने गुणा: १,४८५. हाच आपला पंधराशेचा आकडा.

आता उन्हाच्या बाजूने बघू. एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊर्जा पडते असं धरू. १०० लिटरसाठी दोन चौरस मीटरचा संग्राहक लावतात, म्हणजे ११ युनिट. त्यातली ४० टक्के जरी पाण्यात उतरली तरी ४.४ युनिट होतात. म्हणजे स्वच्छ उन्हाच्या दिवशी यंत्र हे काम करू शकतं. भौतिकशास्त्रात गडबड नाही.

मग गडबड कुठे आहे? "करू शकतं" या शब्दांत. हा आकडा यंत्राच्या क्षमतेचा आहे. घरात प्रत्यक्ष होणाऱ्या बचतीचा तो तेव्हाच ठरतो, जेव्हा वर्षातले ३६५ दिवस टाकी पूर्ण तापते, सगळं पाणी वापरलं जातं, आणि सोलर नसता तर तेवढंच पाणी विजेवर तापवलं गेलं असतं. या तीन अटी एकेक करून बघा. प्रत्येक अटीत एक संशोधनाचा प्रश्न दडलेला आहे.

पहिली अट: सगळं पाणी वापरलं जातं का?

चार माणसांचं घर घ्या. प्रत्येकाला आंघोळीला एक बादली, म्हणजे २० लिटर, ४० अंशांचं पाणी. नळाचं पाणी २२ अंश धरा. एकूण ८० लिटर, वाढ १८ अंशांची:

८० × ४.१८६ × १८ = सुमारे ६,०३० किलोज्यूल, म्हणजे १.६७ युनिट.

बघा, गरज निघाली पावणेदोन युनिटच्या आत, आणि आपण हिशेब धरत होतो चारचा. उरलेलं गरम पाणी टाकीत थंड होत बसतं. कपडे-भांड्यांना ते वापरलं तर चित्र बदलतं, पण तो नळ मोरीपर्यंत नेलाय का, हे घरोघरी जाऊनच कळेल.

दुसरी अट: ३६५ दिवस?

इथे हवामान आपली गंमत करतं. सगळ्यात कडक ऊन एप्रिल-मेमध्ये. नेमकं तेव्हा गच्चीवरच्या साध्या टाकीचं पाणीच इतकं तापलेलं असतं की गरम पाणी कुणाला नको असतं. गरज मोठी असते डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा इथला पारा काही वेळा एक अंकी होतो. पावसाळ्यात गरज असते, पण आभाळ भरलेलं.

समजा खरा वापर २०० दिवसांचा. १.६७ × २०० = ३३४ युनिट. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णताही वाचते, म्हणून २० टक्के वाढवू: साधारण ४०० युनिट.

आता पैशांत बघा. वीज ८ रुपये युनिट आणि सोलर २५,००० रुपयांना, असं हिशेबापुरतं धरू. १,५०० युनिट वाचले तर वर्षाला १२,००० रुपये, खर्च दोन वर्षांत वसूल. ४०० युनिट वाचले तर ३,२०० रुपये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षं. यंत्र तेच, छप्पर तेच, ऊनही तेच. ज्या कुटुंबाने हप्त्याने सोलर घेतला, त्याच्यासाठी दोन आणि आठ वर्षांतला फरक अभ्यासक्रमातला राहत नाही.

तिसरी अट: सोलर नसता तर काय झालं असतं?

संशोधन पद्धतीतली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बचत मोजताना आपण प्रत्यक्ष घडलेल्या स्थितीची तुलना न घडलेल्या स्थितीशी करतो. ती न घडलेली स्थिती कोणती धरली, यावर उत्तर ठरतं.

राहुरी, नेवासा, कोपरगाव भागातल्या अनेक घरांत पाणी अजून तांब्याच्या बंबात किंवा चुलीवर तापतं. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, बाभळीचं लाकूड. अशा घरात सोलर आला तर विजेची बचत किती? शून्य. उलट पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवली तर बिल थोडं वाढेल. मग सोलर निरुपयोगी का? अजिबात नाही. पहाटे उठून बंब पेटवणारी बाई धुरापासून वाचते, जळण गोळा करायचा तिचा वेळ वाचतो. पण तुमच्या प्रश्नावलीत फक्त "वीज बिल किती कमी झालं?" एवढंच असेल, तर हा फायदा विदेत येणारच नाही. आणि अहवालात लिहिलं जाईल, "ग्रामीण घरांत परिणाम नगण्य." मोजपट्टी चुकीची निवडली की ज्याला सगळ्यात जास्त फायदा झाला, तोच दिसेनासा होतो.

जिथे अटी पूर्ण होतात: शिर्डी

आता उलट उदाहरण याच जिल्ह्यातलं. शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये सौर वाफेवर स्वयंपाकाची मोठी यंत्रणा सुरू झाली. १६ चौरस मीटरच्या ७३ परावर्तक तबकड्या, दिवसाला ३,५०० किलो वाफ, सुमारे २०,००० भाविकांचं जेवण, आणि वर्षाला अंदाजे १ लाख किलो गॅसची बचत, असे तेव्हा जाहीर झालेले आकडे आहेत. यंत्रणा बॉयलरला जोडलेली, म्हणजे ऊन नसलं तरी स्वयंपाक थांबत नाही.

हे आंघोळीचं पाणी नाही, वाफ आहे, तरी हिशेबाची पद्धत तीच. एक किलो वाफ करायला साधारण २.६५ मेगाज्यूल लागतात असं धरा. ३,५०० किलोला सुमारे ९,३०० मेगाज्यूल. १ लाख किलो गॅसची ऊर्जा ४६ मेगाज्यूल प्रति किलो दराने ४६ लाख मेगाज्यूल, दिवसाला १२,६००. बॉयलरची कार्यक्षमता ७४ टक्क्यांच्या आसपास धरली की दोन्ही आकडे जुळतात. म्हणजे ते एकमेकांशी सुसंगत आहेत. पण ते जुळतात ३६५ दिवस पूर्ण वाफ धरल्यावर. तबकड्यांना थेट ऊन लागतं, ढगातून झिरपलेला प्रकाश त्यांच्या कामाचा नाही. ३०० दिवस धरले तर बचत ८१-८२ हजार किलोंवर येते. तरीही ती भरपूरच आहे, कारण तिथे रोजची मागणी ठरलेली, उन्हाळ्यातही चुकत नाही, आणि सौर वाफेने कोणतं इंधन वाचतं हेही पक्कं माहीत आहे.

यातून एक गृहीतक तयार होतं: सौर उष्णतेचा फायदा उन्हापेक्षा मागणीच्या नियमितपणावर जास्त अवलंबून असतो. वसतिगृहं, दवाखाने, लॉज यांना तो घरापेक्षा लवकर मिळायला हवा. हे खरं की खोटं, मोजून दाखवता येतं. म्हणूनच ते गृहीतक आहे.

नमुना कुठून घ्याल?

"अहिल्यानगर जिल्ह्याचा अभ्यास" असं शीर्षक देऊन शहरातल्या दोन उपनगरांत फिरू नका. या जिल्ह्यात एकच हवामान नाही. पश्चिमेला अकोले तालुका, जिथे कळसूबाई आहे आणि घाटघर-भंडारदऱ्याकडे धो धो पाऊस. पूर्वेला पाथर्डीसारखा कोरडा तालुका. पाथर्डीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिथली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात. म्हणजे गरम पाणी लागायच्या महिन्यांत घराला कुलूप. तुम्ही मे महिन्यात सर्वेक्षण केलंत तर सगळे घरी भेटतील आणि उत्तरं मात्र दिशाभूल करतील.

छप्परही विचारा. १०० लिटर पाण्याचंच वजन १०० किलो, वर टाकी आणि सांगाडा. स्लॅब असेल तर ठीक, पत्र्यावर हे बसत नाही. फक्त सोलरवाल्या घरांची मुलाखत घेतली तर पत्र्याची घरं आपोआप गळतात.

काय मोजाल?

महागडी उपकरणं नसली तरी सुरुवात होते. तीन गोष्टी पुरेशा आहेत.

एक, रात्रीचा तोटा. संध्याकाळी आणि पहाटे टाकीच्या पाण्याचं तापमान घ्या. या वेळात नळ बंद हवा. १०० लिटर पाणी रात्रीत ६ अंशांनी उतरलं तर ०.७ युनिट गेली.

दोन, नळाचं वाया जाणारं पाणी. गच्चीपासून न्हाणीपर्यंत १५ मीटर पाइप, आतला व्यास २० मिलिमीटर, तर त्यात सुमारे ४.७ लिटर पाणी मावतं. गरम पाणी यायच्या आधी तेवढं गार पाणी सुटतं. ते बादलीत धरतात की सोडून देतात? ज्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे हा प्रश्न युनिटपेक्षा मोठा आहे.

तीन, पाण्याचा जडपणा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर तापल्यावर क्षार आत चिकटतात, प्रवाह आणि उष्णता दोन्ही अडतात. नवीन यंत्रावर घेतलेली कार्यक्षमता पाच वर्षांच्या यंत्राला लावू नका. यंत्राचं वय हा रकाना तक्त्यात हवाच.

आणि आता नवा पर्याय

२०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या वीजनिर्मितीला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यामुळे तुलना आता फक्त सोलर आणि गिझर अशी राहत नाही. एक किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतात, पण त्यांना दोन चौरस मीटरच्या कितीतरी पट जागा लागते. जागेच्या हिशेबात पाणी तापवणारा सोलर पुढे. पण मे महिन्यातली जादा वीज नेट मीटरिंगमधून खात्यावर जमा होते, मे महिन्यातलं जादा गरम पाणी कुठेच जमा होत नाही. कमी जागेच्या घराला कोणतं परवडेल आणि मोठ्या गच्चीच्या घराला कोणतं, हा आजच्या घडीला चांगला, करता येण्यासारखा प्रश्न आहे.

सरावासाठी एक काम करा. तुमच्या होस्टेलवर किंवा ओळखीच्या घरावर सोलर असेल तर सात दिवस नोंद ठेवा: किती बादल्या वापरल्या, पाण्याचं तापमान किती, कॉइल किती वेळ चालली, आणि सोलर नसता तर पाणी कशावर तापलं असतं. शेवटचा रकाना गाळू नका. त्या एका पानावरून तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद लिहिता येईल.