दावा कोर्टात, वाद लवादाकडे

श्रोतेहो, समजा इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाने दिल्लीच्या व्यापाऱ्याला कापड पाठवले. माल हलका निघाला म्हणून व्यापाऱ्याने पैसे अडवले. कारखानदाराने दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा लावला. समन्स मिळताच व्यापाऱ्याच्या वकिलाने करारपत्र काढले. त्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते, की वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवावा. आता दाव्याचे काय होणार?

लवाद म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमायचा खासगी पंच. जुन्या, १९४० च्या कायद्यात असा दावा स्थगित करायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या मर्जीवर होते. १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याने ही मर्जी काढून घेतली. कलम ८ प्रमाणे प्रतिवादीने वेळेत अर्ज केला, तर न्यायालयाने पक्षकारांना लवादाकडे पाठवलेच पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पाहायचे ते एवढेच, की वैध लवाद करार प्रथमदर्शनी आहे की नाही. अर्थात सगळेच वाद लवादाकडे जात नाहीत. गहाण मालमत्ता विकून कर्जवसुली करण्याचा दावा न्यायालयातच चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले.

खरी मेख ‘वेळेत’ या शब्दात आहे. न्यायालय आपण होऊन करारातले कलम शोधत बसत नाही. वादाच्या मूळ विषयावर पहिले म्हणणे, म्हणजे बहुधा कैफियत, देण्याच्या आत किंवा निदान त्याबरोबर अर्ज करावा लागतो. सोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत लागते. ‘माल चांगलाच नव्हता’ अशी सविस्तर कैफियत देऊन सहा महिन्यांनी लवादाची आठवण झाली, तर उपयोग नाही. दावा तिथेच चालतो. मात्र तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला उत्तर दिले, एवढ्याने हक्क जात नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला आहे.

लवाद म्हणजे झटपट आणि स्वस्त, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धेच पटते. न्यायाधीशांचा पगार सरकार देते, लवादाची फी मात्र पक्षकारांच्या खिशातून जाते. दोन-तीन लाखांच्या येण्यासाठी ती लहान उद्योजकाला जड पडू शकते. शिवाय काही छापील करारांत लवाद नेमण्याचा अधिकार एकट्या बड्या पक्षाने स्वतःकडे ठेवलेला असतो. निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले.

आणि एकदा दावा लवादाकडे गेला, की त्या आदेशावर या कायद्यात अपील नाही. अर्ज नाकारला, तर मात्र आहे. म्हणून आमच्या यंत्रमागधारकाने सही करण्यापूर्वी लवादाचे स्थान तरी पाहायला हवे होते. तिथे ‘दिल्ली’ असे छापलेले असेल, तर पुढे लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायलाही त्याला दिल्लीचेच न्यायालय गाठावे लागेल.