रेल्वेनं टाकलं, कारखान्यानं पाळलं

शंटिंगचं इंजिन प्रवाशाच्या खिजगणतीतही नसतं. पण जुन्या इंजिनांच्या बाजारात खरा भाव त्यालाच. मेल ओढणारं इंजिन रेल्वेनं काढलं की ते बहुधा भंगारात जातं. शंटरला मात्र पोलादाचा कारखाना, कागदाची गिरणी, कोळशाची खाण असं कुणीतरी गिऱ्हाईक भेटतं. त्यांना वेग नको असतो. ओढ हवी, आणि किंमत कमी हवी.

ब्रिटनच्या ‘क्लास 14’ची कहाणी यात मला सर्वांत बोलकी वाटते. स्विंडनच्या कारखान्यात 1964-65 मध्ये अशी 56 डिझेल इंजिनं बांधली गेली. सहा चाकं, 650 अश्वशक्ती, पन्नासेक टन वजन, ताशी 40 मैलांची मर्यादा. स्विंडननंच 1908 मध्ये ‘द ग्रेट बेअर’ नावाचं अगडबंब वाफेचं इंजिन बांधलं होतं. म्हणून हे ‘टेडी बेअर’! नाव गोड, वेळ मात्र साफ चुकलेली. ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बीचिंग यांचा रेल्वे-कपातीचा अहवाल 1963 चा. आडवळणाच्या फाट्यांवरचा माल ट्रकवाले पळवत होते, आणि नेमकी त्याच कामासाठीची इंजिनं स्विंडनमधून बाहेर पडत होती. लग्न मोडल्यावर मांडव घालावा, तशातली गत. काहींची नोकरी तीन-चार वर्षांतच संपली. 1969 सरताना ब्रिटिश रेल्वेकडे त्यांतलं एकही उरलं नव्हतं.

मग त्यांना हक्काचं घर मिळालं. बरीच इंजिनं कॉर्बीच्या पोलाद कारखान्यानं घेतली. आसपासच्या खाणींतलं लोहखनिज भट्ट्यांपर्यंत ओढायचं काम तिथे तोवर वाफेची इंजिनं करत होती. काही नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅशिंग्टनच्या कोळसा खाणींकडे गेली. रेल्वेला या इंजिनांचं हायड्रॉलिक ट्रान्समिशन, म्हणजे तेलाच्या माध्यमातून चाकांना ताकद पोचवणारी यंत्रणा, नकोसं झालं होतं, कारण तिचा ओढा डिझेल-इलेक्ट्रिककडे. कारखान्याला त्याची फिकीर नव्हती. फेऱ्या जवळच्या, चढ ओळखीचा, वर्कशॉप हाकेच्या अंतरावर. एका इंजिनाचे भाग काढून दुसरं चालवायचं, ही तर या धंद्याची रीतच.

कॉर्बीत पोलाद बनणं 1980 मध्ये थांबलं. तोवर जुनी इंजिनं जपणाऱ्या हौशी संस्था ब्रिटनभर उभ्या राहिल्या होत्या. आज 19 टेडी बेअर शिल्लक आहेत, ती या दुसऱ्या नोकरीच्या पुण्याईवर. रेल्वेकडून ती थेट भंगारवाल्याकडे गेली असती, तर एखाददुसरंही वाचलं असतं की नाही, शंकाच आहे.

हा बाजार अजून उठलेला नाही. नॉर्वेच्या रेल्वेसाठी 1996-97 मध्ये जर्मनीतल्या कील इथे बांधलेली ‘डीआय 8’ इंजिनं पुढे इंग्लंडातल्या स्कन्थॉर्पच्या पोलाद कारखान्यात आली. तेव्हा त्या कारखान्याचे मालक होते आपले मुंबईचे टाटा. 2016 मध्ये टाटांनी तो धंदा नाममात्र एका पौंडाला विकला. इंजिनं त्या पौंडातच गेली.