हृदयाची चुकलेली लय : घर घाटावर, दवाखाना कल्याण-ठाण्याला



एकरी टनेज किती पडले, पाण्याची पाळी कधी आहे, तोडणीचा नंबर केव्हा लागणार, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. स्वतःच्या मनगटावरची नाडी मिनिटाला किती पडते आणि ती सारख्या अंतराने पडते की कशीही, हे मात्र घरातल्या एकालाही ठाऊक नसते. या लेखाचा विषय ती नाडी आहे.

माळशेज घाट उतरायचा, मुरबाडवरून कल्याण गाठायचे आणि पुढे ठाणे-मुंबई, ही आपल्या भागाची जुनी वाट. नोकरीधंद्याला गेलेली मुले डोंबिवली, कल्याण, कळवा, ठाणे या पट्ट्यात स्थिरावली आणि मोठे दुखणे निघाले की घाटावरचे आईवडील तिकडे जाऊ लागले. ज्या विकाराबद्दल येथे लिहीत आहोत त्यात या जाण्या-येण्याला फार महत्त्व आहे. कारण हा आजार आठ दिवस दवाखान्यात राहून संपत नाही. त्याची गोळी बहुधा जन्मभर घ्यावी लागते, आणि ती चुकते नेमकी या दोन घरांच्या मध्ये.

विकाराचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात. हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना शाळेच्या पुस्तकात अलिंद म्हटले आहे, खालच्या दोघांना निलय. उजव्या अलिंदात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा बारीक इशारा देतो आणि त्या इशाऱ्यावर सारे हृदय चालते. ऊसतोडणीच्या टोळीत एका मुकादमाचा शब्द चालतो म्हणून गाडी वेळेवर भरते, तसेच हे. आता टोळीतला प्रत्येक गडी मुकादम होऊन ओरडू लागला तर काय होईल? एएफमध्ये अलिंदात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इशारे उठतात. अलिंद आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरते. मधला नाका त्यातले काहीच इशारे खाली सोडतो, तेही कसेही. म्हणून नाडी जलद पडते आणि तिच्यात कसलाच मेळ राहत नाही.

कोणाला छातीत धडधड होते, कोणाला चार पावले चालून धाप लागते, कोणी म्हणतो अंगात त्राण नाही. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही. जाणवले तरी आपण त्याला पित्त म्हणतो, नाही तर वय झाले म्हणतो. शेजारच्या गुजरातेत, दूध सहकारासाठी आपल्याला माहीत असलेल्या आणंद जिल्ह्यात, 50 गावांतल्या दोन हजारांवर लोकांची नाडी मोबाइलला जोडायच्या छोट्या यंत्राने तपासली गेली. गावातल्याच आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन हे काम केले. शंभरात दीड माणसाच्या आसपास हा विकार निघाला. प्रमाण लहान वाटेल, पण पाच हजार प्रौढ वस्तीच्या गावाचा हिशोब ज्याचा त्याने करून पाहावा.

हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार, असाही समज आहे. साहेबांच्या देशात तो बराचसा खरा असेल, आपल्याकडे नाही. भारतातल्या 24 केंद्रांवर पंधराशेवर एएफ रुग्णांची नोंद ठेवली गेली, तिचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय पंचावन्नच्या आत होते आणि जवळजवळ निम्म्यांच्या आजाराचे मूळ लहानपणच्या सांधेतापात होते. घसा दुखतो, ताप येतो, सांधे सुजतात, मग आपोआप बरे वाटते. पण त्या तापाने हृदयाची झडप हळूहळू आखडत जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनी पस्तीशीतल्या सूनबाईला विहिरीवरून येताना धाप लागते. घरात त्याचा अर्थ “कामाला कंटाळते” असा लावला जातो. अशा बाईची नाडी आधी पाहावी, मग बोलावे.

बाकी कारणे रक्तदाब, मधुमेह, वाढलेले वजन, थायरॉइड, झोपेत श्वास अडकून घोरणे ही. आणि दारू. सणावाराला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी हृदयाची लय बिघडलेले रुग्ण अमेरिकेत इतके येत की तेथल्या डॉक्टरांनी 1978 साली त्याला ‘सुट्टीचे हृदय’ असेच नाव दिले. मळीपासून काय काय निघते हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. ते टँकरने बाहेर जावे, घशाखाली जाऊ नये.

आता खरा धोका कशात आहे ते पाहू. धडधडीने माणूस सहसा दगावत नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त पुढे ढकलले जात नाही, रेंगाळते. डाव्या अलिंदाला एक छोटीशी पिशवी असते, तिच्यात तर पाटाच्या कडेच्या डबक्यासारखे साचून राहते. साचलेल्या रक्ताची गुठळी होते. एखादे दिवशी ती सुटते आणि थेट मेंदूच्या नळीत जाऊन अडकते. यालाच आपण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. एएफ असलेल्या माणसाला हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. झडप आखडलेली असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त. म्हणून या आजारात दोन वेगळी औषधे लागतात. एक नाडी आवरण्याचे किंवा लय परत आणण्याचे, दुसरे गुठळी होऊ न देण्याचे, म्हणजे रक्त पातळ ठेवण्याचे. गोंधळ होतो तो इथे.

“आबा, सकाळची गोळी घेतलीत का?”

“अगं, आता धडधड नाही की काय नाही. उगीच कशाला उष्णता वाढवायची?”

हा संवाद कोणत्याही घरातला आहे. आबांना वाटते, गोळी धडधडीसाठी होती. धडधड थांबली म्हणून त्यांनी दोन्ही गोळ्या थांबवल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा गुण माणसाला कधीच जाणवत नाही, कारण तिचे काम काही तरी घडू न देणे हे आहे. ती बंद केल्यावरही चार दिवस, चार महिने काहीच होत नाही. मग एकदम होते.

या गोळीचा जन्म शेतकऱ्याच्या गोठ्यातला आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. 1920 नंतर कॅनडा आणि उत्तर अमेरिकेत जनावरे दगावू लागली. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबायचेच नाही. ओल लागून बुरशी चढलेला ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा, आपल्या लसूणघासाच्या कुळीतला, हे त्याचे कारण निघाले. पण चाऱ्यातले नेमके काय, ते कळेना. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताची दुधाची बरणी आणि तो सडका चारा गाडीत घालून हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाने ते काम हाती घेतले आणि काही वर्षांत चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे काढले. त्यावरून वॉरफरिन तयार झाले. 1948 साली ते बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी! माणसांसाठी ते 1954 पासून वापरात आले आणि 1955 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आल्यावर तेच दिले गेले. उसाच्या फडात उंदरांसाठी आपण ब्रोमॅडिओलोन ठेवतो, तेही याच घराण्यातले. “म्हणजे डॉक्टर उंदराचं औषध देतो होय?” असे विचारून कोणी गोळी टाकून देऊ नये. मात्रेत ठेवली तर हीच गोळी एएफमधला पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांश कमी करते. ॲस्पिरिन त्या मानाने फारच तोकडी पडते.

मात्रा मात्र सांभाळावी लागते. वॉरफरिन किंवा त्याच जातीची असिनोकूमरॉल घेणाऱ्याला ‘आयएनआर’ नावाची रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. आकडा साधारणपणे 2 ते 3 च्या दरम्यान असावा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. मेथी, पालक, कोथिंबीर यांतल्या के जीवनसत्त्वाने हा आकडा खाली येतो. म्हणून पालेभाजी सोडायची नाही. रोज साधारण सारखीच खायची. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून एकदा भाजी आणि घाटावर आल्यावर दोन्ही वेळा मेथी, असे झाले की डॉक्टरने बसवलेली मात्रा बिघडते.

अलीकडच्या डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन या औषधांना ही तपासणी लागत नाही, पालेभाजीचा अडसर नाही आणि त्यांच्या किमतीही पूर्वीपेक्षा उतरल्या आहेत. मूत्रपिंडाची तपासणी मात्र करावी लागते. रिव्हारोक्साबॅनची एएफसाठीची गोळी जेवणाबरोबरच घ्यावी, उपाशीपोटी ती पुरती लागू पडत नाही. या औषधांचा असर एक-दोन दिवसांतच उतरतो, तेव्हा डोस चुकवणे अधिक महागात पडते. सांधेतापाने झडप आखडलेल्यांनी मात्र कोणाचे ऐकून परस्पर नवी गोळी सुरू करू नये. साडेचार हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा रुग्णांना जुनी वॉरफरिनच्या जातीची औषधेच सरस ठरली.

विजेचा सौम्य धक्का देऊन लय परत आणणे, किंवा जांघेतून नळी घालून अलिंदातल्या खोड्या काढणाऱ्या जागा निष्प्रभ करणे, हेही उपाय आहेत. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्डो येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की हे इशारे पुष्कळदा फुप्फुसाकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उगम पावतात. त्यानंतर ही दुसरी पद्धत वाढली. आजार नवा असताना लय सावरण्याचा विचार केलेला बरा, एवढे येथे पुरे. लय सुधारली तरी पातळ रक्ताची गोळी बंद करायची की नाही हे डॉक्टरच ठरवील.

आता दोन घरांचा प्रश्न. कल्याणला महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीला शास्त्रीनगर, कळव्याला ठाणे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि मध्य रेल्वेनेच पुढे गेले की शीव आणि परळचे केईएम. खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली. तेव्हा प्रश्न डॉक्टर मिळण्याचा राहत नाही. घडते असे की दिवाळीनंतर आबा मुलाकडे जातात, इसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, होते, गोळ्या लागतात, आणि तोडणीचा निरोप आला की आबा एसटीत बसतात. फाइल डोंबिवलीच्या कपाटात राहते. गावात गोळ्या संपतात, तालुक्याच्या दुकानात त्या नावाची मिळत नाही, आणि “आता मार्चमध्ये जाऊच की” म्हणून चार महिने तसेच जातात. सगळा दोष म्हाताऱ्यांचा नाही. मुलांनी निदान चिठ्ठीचा आणि शेवटच्या आयएनआरचा फोटो गावातल्या भावाच्या मोबाइलवर पाठवावा, औषधाचे मूळ नाव मोठ्या अक्षरात लिहून द्यावे आणि महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या बांधून द्याव्यात. आयएनआर तालुक्याला कुठे होतो याची चौकशी निघण्यापूर्वी करावी. तपासणीला शहरात जायचे तर सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला लोकल पकडू नये. धाप लागणाऱ्या माणसाला ती गर्दी झेपत नाही.

गावच्या दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे असावे : “मी रक्त पातळ करायची गोळी घेतो.” कारण आपल्याकडे सुई टोचल्याशिवाय बरे वाटत नाही, आणि अशा माणसाला कमरेत सुई दिली की आत रक्त साकळते. गुडघेदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही यांच्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात. शौच डांबरासारखे काळे झाले, लघवी लाल झाली, किंवा डोक्याला मार लागला तर थांबू नये. मूल हवे असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईने वॉरफरिनविषयी डॉक्टरांशी लगेच बोलावे. पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो.

नाडी पाहणे अवघड नाही. पाच मिनिटे बसावे. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या कडेला, दुसऱ्या हाताची तीन बोटे हलकेच ठेवावीत. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर अशा नाडीत हिशोब चुकतो. मधूनच एखादा ठोका गळला तर बहुधा घाबरण्याचे कारण नसते. पण एकही अंतर दुसऱ्यासारखे नाही, असे वाटले तर त्याच आठवड्यात इसीजी काढावा. विकार येऊन-जाऊन असेल तर इसीजी सरळही येतो, मग चोवीस तास अंगावर लावायचे होल्टर यंत्र लागते.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल चोळत किंवा अंगारा लावत बसू नये. 108 ला फोन करावा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. रात्रीच्या वेळी घाट उतरून कल्याण गाठण्याचा हट्ट धरण्यापेक्षा जवळ कुठे ही सोय आहे ते आजच विचारून ठेवावे. त्रास किती वाजता सुरू झाला आणि पातळ रक्ताची शेवटची गोळी केव्हा घेतली, या दोन वेळा डॉक्टरांना सांगाव्यात, गोळ्यांचे पाकीटही न्यावे.

खर्चाविषयी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. आखडलेली झडप फुग्याने उघडणे किंवा बदलणे यांसारखी कामे तीत बसतात. दरमहाच्या गोळ्या आणि आयएनआर बसत नाहीत, ते पैसे घरातूनच काढावे लागतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटावे आणि शिधापत्रिका गावी न विसरता सोबत न्यावी.