दिवा न आणणारी गोष्ट

भुताची गोष्ट ऐकायला बसणाऱ्याला एक आश्वासन न मागता मिळालेले असते. अंधारात पायाखाली काही वळवळले, तर तो साप होता की दोरी, हे गोष्ट संपण्यापूर्वी कोणीतरी दिवा आणून दाखवील, या भरवशावर तो भीतीचा आनंद घेत असतो. साप निघाला तर तो ठेचला जातो. दोरी निघाली तर सारे हसतात. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला दिवा उशिरा येण्याची, किंवा येऊन भलतेच काही दाखवण्याची सवय असते. परंतु दिवा मुळीच न आणता जी गोष्ट संपते आणि तरीही अपुरी वाटत नाही, अशी गोष्ट विरळा. हेन्री जेम्स यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा त्या विरळा कथांपैकी एक होय.

जेम्स यांचा जन्म 1843 साली न्यूयॉर्क येथे झाला. त्यांचे बहुतेक लेखनजीवन मात्र इंग्लंडात गेले. 1895 च्या जानेवारीत कँटरबरीच्या आर्चबिशपांनी बोलता बोलता त्यांना एक तुटक हकीकत सांगितली. दुष्ट नोकरांच्या हाती सोपवलेली लहान मुले, ते नोकर मेल्यानंतर त्यांची भुते, आणि मुलांना आपल्याकडे ओढण्याची त्या भुतांची धडपड, एवढाच तिचा आशय होता. जेम्स यांनी ती टिपणवहीत उतरवून ठेवली. 1898 च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ही कथा अमेरिकेतील ‘कॉलियर्स वीकली’ या साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. शीर्षकाचा उलगडा आरंभीच होतो. नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती जमलेली मंडळी भुतांच्या गोष्टी सांगत असतात. लहान मुलाला भूत दिसले असे म्हटले की गोष्टीचा स्क्रू आणखी एक फेरा आवळला जातो. मग मुले दोन असतील तर काय, असे त्यांतील एक गृहस्थ विचारतो. तो एक जुने हस्तलिखित मागवून घेतो आणि वाचून दाखवतो. म्हणजे ही कथा मुळात श्रोत्यांसाठीच वाचली गेलेली आहे.

हस्तलिखित आहे एका शिक्षिकेचे. खेड्यातील गरीब धर्मोपदेशकाची ही धाकटी मुलगी. वय अवघे वीस. लंडनमधील एक देखणा, श्रीमंत, अविवाहित गृहस्थ तिला कामावर ठेवतो. त्याचा धाकटा भाऊ सैन्यात होता. भाऊ आणि भावजय हिंदुस्थानात मरण पावल्यामुळे माइल्स नावाचा दहा वर्षांचा पुतण्या आणि फ्लोरा ही आठ वर्षांची पुतणी यांचे पालकत्व त्याच्याकडे आले आहे. मुलांना त्याने एसेक्समधील ब्लाय या गावाकडच्या वाड्यात ठेवले आहे. पगार चांगला, अधिकार पूर्ण, अट एकच. काहीही झाले तरी त्याला त्रास द्यायचा नाही. तक्रार नाही, विचारणा नाही, पत्र नाही. शिक्षिका ही अट मान्य करते. त्या गृहस्थाची तिच्या मनावर पडलेली मोहिनी वाचकाच्या ध्यानात येते. तिच्या स्वतःच्या कितपत येते, हे सांगणे कठीण.

वाड्यात पोचल्यावर पहिला खडा लागतो तो एका पत्राचा. माइल्सला शाळेने परत घेण्यास नकार दिला आहे. कारण दिलेले नाही. ते पत्र काकांनी न उघडताच पुढे पाठवले आहे. शिक्षिका काय करते? ती शाळेला उत्तर लिहीत नाही, काकांना कळवत नाही आणि मुलालाही काही विचारत नाही. इतक्या गोड मुलाच्या हातून वाईट घडणे शक्यच नाही, असे ती ठरवून टाकते. पुढे एका संध्याकाळी, कोणीतरी वाटेत भेटावे असे गोड विचार करीत ती फिरत असता, वाड्याच्या बुरुजावर एक अनोळखी पुरुष उभा दिसतो. पुन्हा एका रविवारी तोच चेहरा जेवणघराच्या खिडकीतून आत डोकावतो. ती त्याचे वर्णन करते: लाल कुरळे केस, फिकट लांबट चेहरा, डोक्यावर टोपी नाही, अंगावर दुसऱ्या कोणाचे तरी वाटावेत असे कपडे. ते ऐकून घरकारभारीण मिसेस ग्रोस ओळख पटवते. हा मालकांचा खासगी नोकर पीटर क्विंट. आणि तो तर मेलेला आहे. मागाहून तळ्याकाठी काळ्या पोषाखातील एक स्त्री दिसते. ती पूर्वीची शिक्षिका मिस जेसेल, तीही मृत. या दोघांना मुले हवी आहेत आणि मुलांचे त्यांच्याशी गुप्त संधान आहे, असा नव्या शिक्षिकेचा निश्चय होतो.

शेवट असा आहे. तळ्याकाठी शिक्षिका फ्लोराला समोरची आकृती दाखवते. फ्लोराला काही दिसत नाही. मिसेस ग्रोसलाही दिसत नाही. मुलगी शिक्षिकेला इतकी घाबरते की तिला लंडनला हलवावे लागते. वाड्यात माइल्स आणि शिक्षिका उरतात. ती त्याला जवळ ओढून शाळेत काय घडले ते वदवून घेऊ लागते आणि त्याच क्षणी तिला खिडकीत क्विंट दिसतो. माइल्स प्रथम मिस जेसेलचे नाव घेतो, मग क्विंटचे. त्यापाठोपाठ सैतान या अर्थाचा एक शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतो. तो खिडकीकडे वळतो, पण तेथे त्याला काहीच दिसत नाही. शिक्षिका त्याला विजयाने कवटाळते आणि क्षणभराने तिला उमगते की मिठीतले मूल मेलेले आहे. येथे कथा संपते. शेकोटीभोवतीच्या मंडळींकडे लेखक परतही जात नाही.

तो शेवटचा शब्द कोणाला उद्देशून आहे? खिडकीतल्या भुताला, की आपल्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या शिक्षिकेला? मूळ इंग्रजी शब्द दोघांनाही लागू पडतो. मराठी अनुवादकाला मात्र येथे व्याकरण आडवे येते, कारण मराठीत शिवी देतानाही समोर पुरुष आहे की स्त्री हे बहुधा ठरवावे लागते. ते ठरवले की कथेचा निकाल लागतो, आणि जेम्स यांना तर निकाल द्यायचाच नव्हता.

म्हणूनच या कथेवर वाद माजला. 1934 साली अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी भुते खरी नसून दबलेल्या मनाच्या शिक्षिकेचे ते भास आहेत, असा अर्थ जोमाने मांडला. 1947 साली रॉबर्ट हाइलमन यांनी त्याला तितकाच ठाम विरोध केला. दोन्ही पक्षांची बाजू भक्कम आहे. क्विंटला शिक्षिकेने कधी पाहिलेले नव्हते. तरी मिसेस ग्रोसने ओळखावे इतके अचूक वर्णन ती कसे करते? आणि हस्तलिखित वाचणाऱ्या गृहस्थाने पुढील आयुष्यात तिला एक शहाणी, सुस्वभावी बाई म्हणून ओळखले होते. ती वेडी असेल कशी? हा एक पक्ष. दुसरा पक्ष विचारतो, की तिच्यावाचून कोणालाही भूत दिसल्याचा निर्विवाद दाखला कथेत कोठे आहे? वाड्यात मालकांशिवाय आणखी एक पुरुष होता, हे मिसेस ग्रोसच्या तोंडून आधीच निसटले नव्हते काय? आणि ही सारी हकीकत लिहिली कोणी? तिनेच.

या वादात एखाद्या पक्षाला मिळण्याची घाई वाचकाने करू नये. साक्षीदाराची जबानी ऐकणारा सुज्ञ न्यायाधीश जे करतो तेच येथे करावे: साक्षीदाराने काय पाहिले आणि त्यावरून काय ताडले, हे दोन रकान्यांत वेगवेगळे मांडावे. तळ्याकाठचा पहिला प्रसंग घ्या. फ्लोरा लाकडाचे दोन तुकडे जोडून होडी करण्यात गुंग आहे. ती वर पाहत नाही. एवढेच पाहिलेले. मुलीने जेसेलला पाहिले आणि मुद्दाम लपवले, हे ताडलेले. मुलगी बोलली असती तर तोही पुरावा झाला असता. ती गप्प राहिली हा तर अधिकच मोठा पुरावा ठरतो. जेथे होकार आणि नकार दोन्ही एकाच निष्कर्षाकडे नेतात, तेथे आरोपीला सुटकेची वाट उरत नाही. खिडकीच्या प्रसंगातही असेच काही आहे. क्विंट नाहीसा झाल्यावर शिक्षिका बाहेर धावते आणि तो उभा होता त्याच जागी उभी राहून आत पाहते. तेवढ्यात मिसेस ग्रोस खोलीत येते आणि काचेपलीकडचा तो चेहरा पाहून पांढरीफटक पडते. त्या क्षणी तिला भेवडावणारा चेहरा शिक्षिकेचा असतो. जेम्स यावर भाष्य करीत नाहीत. ते दृश्य तेवढे ठेवतात आणि पुढे जातात.

वाईट नेमके काय होते, हे न सांगण्यामागे त्यांचा हेतू होता. वाईटाचे वर्णन केले की ते लहान होते. ते वाचकाने स्वतःच कल्पावे, म्हणजे त्याला तपशिलाची उणीव भासत नाही, असे त्यांनी 1908 च्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. ही युक्ती शब्दांतच पुरती साधते. 1954 साली बेंजामिन ब्रिटन यांनी या कथेवर रचलेली ऑपेरा व्हेनिसला सादर झाली. तीत भुते गातात, आणि गाणारे भूत प्रेक्षकाला नाकारता येत नाही. 1961 च्या ‘द इनोसंट्स’ या चित्रपटात दिग्दर्शक जॅक क्लेटन यांनी संशय बराच जपला. तरी पडद्यावर आकृती दिसतेच. वाचणाऱ्याला मात्र शिक्षिकेच्या शब्दांपलीकडे पाहण्याची सोय नाही.

भुते होती की नव्हती, या वादात एक माणूस कोणाच्या फारसा नजरेत भरत नाही. तो म्हणजे लंडनमधला काका. त्याने पैसे दिले, अधिकार दिले आणि कान बंद करून घेतले. शाळेचे पत्र त्याने उघडले असते, शिक्षिकेला एक प्रश्न विचारण्याची मुभा दिली असती, तर वीस वर्षांच्या त्या एकाकी मुलीला आपली शंका कोणापुढे तरी मांडून पाहता आली असती. शंका मांडायला जागा नसली की ती मनात कोंडून राहते आणि तिची खात्री बनते. शिक्षिका अखेरीस काकांना पत्र लिहिते, पण ते माइल्स चोरतो. आणि त्यात काहीच नव्हते असे सांगतो. शाळेत काय केलेस, हा पहिल्या दिवशी विचारायचा साधा प्रश्न ती अगदी शेवटच्या घटकेला विचारते. उत्तरही साधेच निघते: आवडत्या काही मुलांना तो काही गोष्टी बोलला होता, त्यांनी त्या आपल्या आवडत्यांना सांगितल्या. कोणत्या गोष्टी, हे ऐकून घ्यायला वेळ उरत नाही.

ही कथा दुसऱ्यांदा वाचताना भुतांवरची नजर काढून दोन मुलांवर ठेवावी. भुते खरी मानली, तर शिक्षिकेने मुलाला त्यांच्यापासून सोडवले आणि त्यातच तो मेला. ती भासमय मानली, तर तिच्या प्रेमानेच त्याचा जीव घेतला. अर्थ कोणताही घेतला तरी शेवटच्या ओळीत मूल मेलेले आहे आणि त्याचे रक्षण करायला नेमलेल्या माणसाच्या मिठीत मेलेले आहे. साप होता की दोरी, हे सांगायला जेम्स दिवा आणत नाहीत. पण त्या अंधारात फ्लोराला वाटलेली भीती खरी होती आणि माइल्सचे थांबलेले काळीज खरे होते. पुस्तक मिटल्यावर वाचकाला झोप लागत नाही, ती या दोघांमुळे.